झाडलोट कोण करतं?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘इंटरनेटवरचे लेखक’ असा छापला आहे. तो फारच ऐसपैस आहे, म्हणून आधीच त्याला आवर घालतो. लिहिणारी माणसं इंटरनेटवर एकत्र कशी आली, हे आता नवल राहिलेलं नाही. एकत्र आल्यावर ती टिकली का, आणि टिकली तर कुणाच्या जिवावर, एवढंच मी आज बोलणार आहे. त्यासाठी एक उदाहरण सावकाश सांगतो. ते अमेरिकेतलं आहे, बायकांनी उभं केलेलं आहे, आणि तिथे जे लिहिलं जातं त्याला या सभागृहातले निम्मे लोक साहित्य म्हणायला तयार होणार नाहीत.

तेव्हा आधी त्या साहित्याबद्दल. फॅनफिक्शन म्हणजे दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रं घेऊन आपली कथा लिहिणं. शेरलॉक होम्स, हॅरी पॉटर, स्टार ट्रेकमधला स्पॉक. मूळ लेखकाने जिथे सोडलं तिथून पुढे, किंवा त्याने जे दाखवलंच नाही ते. कुणी नाक मुरडण्याआधी आठवण करून देतो की ‘ययाति’ १९५९ची आणि ‘मृत्युंजय’ १९६७ची. कर्ण शिवाजी सावंतांनी निर्माण केला नव्हता. मोरोपंतांच्या नावावर तर १०८ रामायणं सांगितली जातात. त्यातलं एक ‘निरोष्ठ’, म्हणजे ज्यात ओठांना ओठ लागेल असं अक्षरच नाही. रामकथा सगळ्यांना पाठ होती. पंतांना मजा वाटत होती ती अडचणीतून वाट काढण्याची, आणि ऐकणाऱ्यांनाही तीच. फरक एवढाच की व्यास-वाल्मीकींचे वारस कोर्टात जात नाहीत. स्टार ट्रेकचे मालक जाऊ शकतात. या एका फरकामुळे पुढची सगळी गोष्ट घडली.

१९६७ साली ‘स्पॉकानालिया’ नावाचं एक अंक-वजा प्रकाशन दोघी जणींनी काढलं. स्टार ट्रेकला वाहिलेलं पहिलं फॅनझीन म्हणून ते ओळखलं जातं. असे अंक घरच्या घरी छापायचे, टपालाने पाठवायचे, आणि किंमत लावायची ती कागद-टपालापुरती. त्याच दशकात मुंबईत आपले अनियतकालिकवाले सायक्लोस्टाइलची शाई हाताला फासून घेत होते. दोन्हीकडे प्रस्थापित प्रकाशकाकडे जायचं नाही हा हट्ट सारखाच. पण अमेरिकेतल्या या खटाटोपात लिहिणाऱ्या, छापणाऱ्या आणि पाकिटं चिकटवणाऱ्या प्रामुख्याने बायका होत्या, आणि मालकाच्या डोळ्यांवर न येण्याची कला त्यांना शिकावी लागली होती.

मग इंटरनेट आलं. १९९८मध्ये झिंग ली या तरुणाने फॅनफिक्शन डॉट नेट सुरू केलं आणि कथांचा महापूर आला. २००२मध्ये त्या स्थळाने प्रौढांसाठीच्या कथांवर बंदी घातली. वर्षानुवर्षं लिहिलेलं साहित्य गेलं. लेखिका तिथून उठल्या आणि १९९९पासून चालू असलेल्या लाइव्हजर्नलवर अधिकच स्थिरावल्या. तिथे ज्याची त्याची रोजनिशी, तिच्याखाली गप्पा, गटागटांनी कथा. घर छान होतं, पण भाड्याचं. २००५मध्ये ते दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं, तेव्हाही राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

२००७चा मे महिना या इतिहासातला कळीचा महिना आहे. त्या महिन्यात दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे फॅनलिब. गुंतवणूकदारांचा पैसा घेऊन काही उद्योजकांनी फॅनफिक्शनचं व्यावसायिक दुकान थाटलं. संचालक सगळे पुरुष. ज्यांच्या लेखनावर धंदा करायचा त्या लेखिकांपैकी कुणी त्यात नाही. पात्रांच्या मालक कंपन्यांना दिलेल्या माहितीपत्रकात लेखकांना आखलेल्या रेघांच्या आत ठेवण्याची हमी, आणि कायद्याचं काही लचांड आलंच तर ते लेखकाने निस्तरायचं. नफा यांचा, जोखीम तिची. लेखिकांनी त्यावर जे तोंडसुख घेतलं ते वाचण्यासारखं होतं. फॅनलिब पुढच्याच वर्षी बंद पडलं.

दुसरी गोष्ट महिनाअखेरची. बाहेरच्या एका गटाच्या तक्रारींवरून लाइव्हजर्नलने एका झटक्यात सुमारे ५०० खाती बंद केली. बंद खात्याच्या नावावर रेघ मारलेली दिसायची. त्या रेघांखाली कथांचे गट होते, अत्याचारातून सावरलेल्यांचे आधारगट होते, आणि नबोकोव्हच्या ‘लोलिता’वर स्पॅनिशमध्ये चर्चा करणारा एक वाचकगटही होता. कंपनीने नंतर माफी मागितली, बरीच खाती परत दिली. पण ज्या घराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला आहे ते घर आपलं नाही, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं.

या दोन घटनांच्या मध्ये, १७ मे २००७ला, लाइव्हजर्नलवरच एक टिपण प्रसिद्ध झालं. त्याचं शीर्षक व्हर्जिनिया वुल्फच्या ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ या पुस्तकाची आठवण करून देणारं होतं. मागणी सरळ होती. आपल्या कथांचं ग्रंथालय आपणच बांधू. जाहिरात नको. खर्च वर्गणीतून. वाचणाऱ्यांनी वाचणाऱ्यांसाठी चालवायचं. शोधायला सोपं. लेखनावर विषयाची बंदी नाही. टिपणाखाली शेकडो जणींनी होकार भरला, आणि कुणाला काय येतं त्याची यादी सुरू झाली. पुढे जी संस्था उभी राहिली तिच्या संस्थापकांत ‘टेमेरेअर’ कादंबरीमालेची लेखिका नेओमी नोविक होती, जिचा हात संगणकाच्या प्रोग्रॅमिंगवरही बसलेला होता. कायद्याच्या प्राध्यापक रिबेका टशनेट होत्या. नाट्य आणि इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या फ्रान्सेस्का कोप्पा होत्या.

इथे मला जोतीराव फुल्यांची आठवण होते, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. १८७५मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेची सुरुवात ज्यांच्या पुढाकाराने झाली त्याच न्यायमूर्ती रानड्यांनी १८८५च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण जोतीरावांना धाडलं. जोतीराव गेले नाहीत; पत्र लिहून कारण कळवलं. ज्या सभा सर्वांच्या मानवी हक्कांचा विचार करत नाहीत, त्यांच्याशी आमचा मेळ बसत नाही, आमचं आम्ही पाहून घेऊ, असा त्या पत्राचा आशय. आपल्या साहित्य संमेलनांच्या इतिहासात ते पत्र बराच काळ एक अडगळीतला कागद होतं. मला ते लेखक-समूहाच्या इतिहासातलं पहिलं पान वाटतं. समूह कुणाच्या अटींवर बांधलेला आहे, हे बोलावणं आल्यावर नव्हे, त्याआधी विचारायचं असतं.

आता त्या टिपणाखाली होकार भरणाऱ्या बायकांनी काय केलं ते पाहा. आपल्याकडे अशी कल्पना निघाली की पंधरा दिवसांत उद्घाटन होतं, नारळ फुटतो, आणि वर्षभराने फळा पुसायला कुणी नसतं. यांनी अडीच वर्षं घेतली. आधी ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही ना-नफा संस्था २००७मध्येच नोंदवली. घटना लिहिली, समित्या केल्या, त्यात वकिलांची समिती सुरुवातीपासून. तयार मिळणारं सॉफ्टवेअर पुरेना, म्हणून स्वतः लिहायचं ठरलं. रुबी नावाची संगणकभाषा कित्येक जणी या कामासाठी शिकल्या. यंत्रं विकत घेतली. आणि १४ नोव्हेंबर २००९ला ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ सगळ्यांसाठी खुलं झालं. सगळे त्याला एओथ्री म्हणतात, मीही तेच म्हणतो.

खुलं म्हणजे वाचायला खुलं. लिहायला खातं हवं, आणि खात्यासाठी रांगेत नाव घालायचं. यंत्रं आणि माणसं झेपतील तेवढीच निमंत्रणं सुटायची. वाढीच्या नादाला न लागण्याची ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. गुंतवणूकदार असता तर त्याने ती पहिल्या दिवशी मोडून काढली असती.

मी या व्याख्यानाला ‘झाडलोट कोण करतं’ असं नाव दिलं आहे. एओथ्रीच्या झाडलोटीचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे कथांच्या खुणचिठ्ठ्या, म्हणजे टॅग. तिथे लेखिका आपल्या कथेला मनाला येईल ती खूण लावू शकते. आता समजा आपल्याकडे महाभारतावरच्या कथांचं असं ग्रंथालय आहे. एक जण खूण लावणार ‘कर्ण-दुर्योधन मैत्री’, दुसरी ‘दुर्योधन आणि कर्ण’, तिसरी ‘राधेय-सुयोधन’, चौथा लाडात येऊन ‘अंगराज आणि त्याचा दोस्त’. यंत्राला या चार वेगळ्या गोष्टी. ग्रंथपाल असता तर त्याने दम दिला असता की यादीतलीच खूण लावा. एओथ्रीने तसं केलं नाही. लेखिकेचे शब्द तसेच ठेवले, आणि पडद्यामागे स्वयंसेवकांची एक फौज बसवली. ती हे चारही शब्द वाचते, मुख्य खूण ठरवते, आणि बाकीच्या तिला बांधून टाकते. वाचकाने कोणतीही शोधली तरी चारही कथा समोर येतात. त्यासाठी त्या त्या कथाविश्वाची बारीक माहिती लागते. कोरियन गायकांची टोपणनावं, जपानी चित्रमालिकांतली उपपात्रं, एकोणिसाव्या शतकातल्या रशियन कादंबऱ्यांतली मधली नावं. हे काम शेकडो माणसं करतात, बिनपगारी, आणि कथेखाली त्यांचं नाव कुठेच नसतं. जगातल्या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकांनी यावर निबंध लिहिले आहेत. कॉलेजात वर्गीकरण शिकवणाऱ्या माझ्या एका मित्राला मी हे समजावून सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “आम्हाला पगार मिळतो, तरी आम्ही एवढं करत नाही.”

सूचनांचंही तसंच. हिंसेचं थेट वर्णन, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार, अल्पवयीनांचा लैंगिक संबंध, या चार गोष्टी कथेत असतील तर लेखकाने आधी सांगायचं. पण सांगायचं नसेल तर पाचवा मार्ग ठेवला: ‘मी सूचना देत नाही’ असं लिहायचं. म्हणजे आत काहीही असू शकतं, तुमच्या जबाबदारीवर या. कात्री चालवायची नाही, पण वाचकाला फसवायचंही नाही. श्लील-अश्लीलावरून आपल्याकडे शंभर वर्षं खटले चालले, मोर्चे निघाले. एवढी साधी तडजोड कुणाला सुचली नाही याचं मला राहून राहून वाटतं.

आता जरा आपल्या अंगणात येतो, कारण पुढचा मुद्दा आपल्याकडे पाहिल्याशिवाय कळायचा नाही.

मराठी माणूस इंटरनेटवर लिहिण्यात मागे नव्हता. ‘मायबोली’ १९९६ची, म्हणजे फॅनफिक्शन डॉट नेटपेक्षाही दोन वर्षांनी थोरली. परदेशात बसलेल्या माणसांना मराठी लिहायची-वाचायची भूक होती, आणि युनिकोड घरोघरी पोचायच्या आधीच्या त्या काळात देवनागरी पडद्यावर उमटवणं हीच एक साधना होती. २००४मध्ये ‘मनोगत’ आलं. त्याच्यावर शुद्धलेखन तपासणारा शुद्धिचिकित्सक होता, आणि तो एकट्या मराठी माणसाच्या चिकाटीचा पुरावा होता. २००७मध्ये ‘मिसळपाव’, पुढे ‘ऐसी अक्षरे’. या संस्थळांनी लेखक घडवले यात शंका नाही. स्वतःची बोलीही घडवली. पुलेशु म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा, पुभाप्र म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत; शिवाय अवांतर, वाचनमात्र, कंपूबाजी, डुप्लिकेट आयडी, आणि भांडण पेटवायला काडी टाकणे. सभागृहातले काही जण हसले, म्हणजे ते तिथले जुने रहिवासी आहेत.

पण तिथे एक तांत्रिक गोष्ट होती, जिच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. ज्या धाग्यावर ताजा प्रतिसाद आला तो यादीत वर. वरवर पाहता किती रास्त! चर्चा जिवंत आहे ती वर दिसावी. परिणाम काय झाला? कथा माणूस वाचतो, आवडली तर ‘छान, पुलेशु’ लिहितो आणि निघून जातो. कथेखाली वीस प्रतिसाद पडले तरी डोक्यावरून पाणी. आरक्षण, जेम्स लेन, शाकाहार, परदेशस्थ विरुद्ध देशी, यावर मात्र तीनशे. म्हणजे भांडण आठवडाभर माथ्यावर नांदतं आणि कथा सकाळी आलेली संध्याकाळी दुसऱ्या पानावर. हळूहळू कथा लिहिणाऱ्याला कळतं की इथे आपल्याला कुणी हाकललेलं नाही, पण आपण दिसतही नाही. तो एक तर काडी टाकायला शिकतो, किंवा लिहायचं थांबतो. ‘लोकांची अभिरुची घसरली’ हे आपलं आवडतं निदान. माझं निदान असं की यादी कशाने लावायची हे ठरवताना कुणी कथेचा विचार केला नव्हता.

एओथ्रीवर कथा वर येते ती तिच्यात नवं प्रकरण आलं की. खाली कितीही वाद घाला, ती जागची हलत नाही. नापसंतीचं बटण नाही. पसंतीचं आहे, तेही एका वाचकाला एका कथेवर एकदाच. तुम्हाला काय आवडेल याचा अंदाज बांधून पुढ्यात टाकणारं यंत्र नाही. वाचकाला हवं असेल तर तो पसंतीनुसार लावून घेईल, शब्दसंख्येनुसार लावील, दीड लाख शब्दांच्या पूर्ण झालेल्याच कथा दाखवा म्हणेल. लेखिकेला आपल्या कथेखालचे अभिप्राय तपासून मगच दाखवता येतात किंवा बंद ठेवता येतात. हे सगळं ठरवणाऱ्या स्वतः लिहिणाऱ्या होत्या; घाव कुठे बसतो ते त्यांना ठाऊक होतं.

आणखी एक सोय मला विलक्षण वाटते. एखादीला नोकरी लागली, लग्न झालं, नाव नको झालं, तर तिला कथा पुसून टाकावी लागत नाही. ती कथा ‘अनाथ’ करता येते. लेखिकेचं नाव निघून जातं, कथा वाचकांसाठी राहते. शिवाय ‘ओपन डोअर्स’ नावाचा विभाग आहे. जुनी, छोटी संग्रहस्थळं, ज्यांचा चालक थकला, वारला किंवा पैशाला महाग झाला, ती उचलून मूळ लेखकांच्या नावासकट एओथ्रीत आणून ठेवायची. याहूने जिओसिटीज २००९मध्ये बंद केलं तेव्हा लाखो लोकांची पानं एका दिवसात गेली. हा विभाग का लागतो ते त्यावरून समजावं. मराठीत आपण अशी किती स्थळं गमावली? ज्या माणसाने डोमेनचे पैसे भरायचे तो गावाला गेला होता, एवढ्या कारणावरून दोन-तीनशे कविता नाहीशा झालेल्या मी पाहिल्या आहेत. कवीकडेही प्रत नव्हती.

पैशाचं लवकर सांगून टाकतो. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, एओथ्री वर्गणी मागतं. दहा डॉलर दिले की संस्थेच्या कार्यकारिणीला मत देता येतं. बस्स. जाहिरात नाही.

यावरून कुणाला वाटेल की तिथे रामराज्य आहे. तसं काही नाही. २०१५ला निवडणुकीनंतर कार्यकारिणीतल्या जुन्या सदस्यांनी एकगठ्ठा राजीनामे दिले. आपल्या कुठल्याही गृहनिर्माण संस्थेला लाजवील असा तो गोंधळ होता. संस्था तगली, कारण घटना लिहिलेली होती आणि निवडून आलेल्या नव्या माणसांकडे कागद होते. वर्णद्वेषी लेखन आणि छळ यांबाबत संस्था पुरेसं काही करत नाही, ही कृष्णवर्णीय आणि इतर वाचक-लेखकांची तक्रार जुनी आहे. २०२०मध्ये संस्थेने आश्वासनं दिली, २०२३मध्ये ती आश्वासनं कुठे गेली म्हणून पुन्हा मोहीम निघाली. विषयाची बंदी नको, हे तत्त्व ज्यांनी धरलं त्यांना त्या तत्त्वाखाली कोण भरडलं जातं याचं उत्तर द्यावंच लागतं, आणि माझ्या मते ते उत्तर अजून दिलेलं नाही. स्वयंसेवक थकतात, आतली भांडणं बाहेर येतात. चीनने २०२०मध्ये आपल्या हद्दीत हे स्थळ बंद केलं. २०२३च्या जुलैत बनावट वाचकांचा लोंढा सोडून कुणीतरी ते पाडलं, तेव्हा बिनपगारी तंत्रज्ञांनी रात्री जागून ते पुन्हा उभं केलं.

पण याच एओथ्रीला २०१९ साली डब्लिनला विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळाला होता. तेव्हा तिथे सुमारे ५० लाख कथा होत्या. आज तो आकडा एक कोटीच्या बराच पुढे आहे. पुरस्कार घेताना नोविकने सभागृहात ज्यांना आपण या कामाचा भाग वाटतो त्यांना उभं राहायला सांगितलं, आणि ठिकठिकाणी माणसं उभी राहिली. मग लेखिकांनी थट्टेत स्वतःला ह्यूगो-विजेत्या म्हणवून घ्यायला सुरुवात केली, बिल्ले काढले, आणि पुरस्कार देणाऱ्या संस्थेने हे नाव आमचं आहे म्हणून डोळे वटारले. पन्नास लाखांतला आपला वाटा किती, यावर जी हुज्जत झाली ती विनोदी साहित्यात जमा करावी अशी आहे.

आता दुसरं उदाहरण, पण थोडक्यात, कारण ते दुःखद आहे. १९९९च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोजवळ ख्रिस बेटी आणि त्याचे मित्र, सगळे मिळून २१ जण, एका महिन्यात कादंबरी लिहायला बसले. ५०,००० शब्द, चांगले-वाईट, पण महिन्याच्या आत. म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात रोजचे १,६६७. पुढच्या वर्षी महिना बदलून नोव्हेंबर केला, हवा वाईट असते, बाहेर जायचा मोह नाही. १४० जण आले. त्यापुढच्या वर्षी सुमारे ५,०००, आणि नावं नोंदवता नोंदवता मूठभर माणसांची दमछाक झाली. नॅनोरायमो या नावाने ते जगभर गेलं, भाग घेणारे लाखांच्या घरात पोचले. गावोगावी स्थानिक स्वयंसेवक असत, ते कॅफेत किंवा ग्रंथालयात लिहिणाऱ्यांना एकत्र बसवत. सारा ग्रुएनची ‘वॉटर फॉर एलिफंट्स’ आणि एरिन मॉर्गेनस्टर्नची ‘द नाइट सर्कस’ या कादंबऱ्यांचे पहिले खर्डे याच नोव्हेंबरांतले. कल्पना इतकी सोपी की ती कुणी चोरूही शकत नाही; मोरोपंतांना ती लगेच आवडली असती.

३१ मार्च २०२५ला संस्थेने दार बंद करत असल्याचं जाहीर केलं. पैसा कमी पडत होता हे खरं. पण त्याआधी २०२३च्या अखेरीस चर्चामंचावरच्या एका देखरेख करणाऱ्याच्या वर्तनाविषयी, आणि तिथल्या लहान मुलांच्या सुरक्षिततेविषयी, गंभीर तक्रारी पुढे आल्या होत्या. तक्रारींची वेळेवर दखल घेतली गेली नाही असा लोकांचा आक्षेप होता. चर्चामंच बंद करावे लागले. २०२४च्या सप्टेंबरात संस्थेने कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक निवेदन काढलं, की तिचा सरसकट निषेध करण्यात वर्गभेदाचा आणि अपंगांबाबतच्या पूर्वग्रहाचा वास येतो. ज्यांनी पंचवीस वर्षं बोटं झिजवून शब्द मोजले त्यांना हे ऐकून काय वाटलं असेल? नामवंत लेखकांनी संबंध तोडले, अनेक स्वयंसेवकांनी काढता पाय घेतला. २१ जणांची मित्रमंडळी होती तेव्हा देखरेखीची गरज नव्हती. ती लाखांची झाली तरी देखरेख मित्रमंडळीसारखीच राहिली, असं मी या घसरणीचं कारण मानतो. लिहिणारे काही लिहायचे थांबलेले नाहीत. नोव्हेंबर येतो, माणसं आपापल्या गटांत ५०,००० शब्द लिहितात. गेली ती संस्था.

कुणी म्हणेल, मग कंपनीलाच चालवू द्या की. पगारी माणसं झाडलोट करतील. चालवतातच. कॅनडातलं वॉटपॅड २००६मध्ये सुरू झालं आणि २०२१मध्ये नेव्हर या कोरियन कंपनीने सुमारे ६० कोटी डॉलरना ते घेतलं. लिहिणाऱ्या पोरीबाळींच्या कथांची ती किंमत होती, आणि सौद्याच्या टेबलाशी त्या नव्हत्या. आपल्याकडे बंगळुरूची ‘प्रतिलिपी’ २०१४पासून आहे, मराठीसकट अनेक भारतीय भाषांत. तिने तालुक्याच्या गावातल्या, शिवणक्लास सांभाळून मोबाइलवर लिहिणाऱ्या बायकांना वाचक मिळवून दिला, जो मुंबई-पुण्याच्या मासिकांनी कधी दिला नव्हता. याबद्दल मी तिला पूर्ण मान देतो. पण गुंतवणूकदारांचा पैसा असलेल्या घरात यादी कशाने लावायची हे शेवटी कोण ठरवणार? मालिका लांबवली तर वाचक रोज येतो, वाचक रोज आला तर आकडा वाढतो, आकडा वाढला तर लेखिका एकशे ऐंशीवा भाग लिहिते. कथा कुठे संपवावी ही लेखकाची सर्वांत नाजूक कला. ती आकड्याच्या हाती गेलेली मला पाहवत नाही.

‘मराठीत एओथ्रीसारखं काढता येईल का’, हा प्रश्न चहाच्या वेळी मला तिघांनी विचारला, म्हणून आताच सांगतो. यंत्रं महाग राहिलेली नाहीत, आणि एओथ्रीचं सॉफ्टवेअर सगळ्यांना पाहायला, वापरायला खुलं आहे. लिहिणारे तर उदंड. अडचण आहे ती माणसांची, आणि तीही एका विशिष्ट प्रकारच्या. आपल्याकडे संपादक व्हायला शंभर जण तयार होतात, अध्यक्ष व्हायला हजार. दररोज संध्याकाळी तासभर बसून ‘राधेय’ आणि ‘कर्ण’ या खुणा एकमेकींना बांधायला, तक्रारीची पत्रं वाचून त्यांना आठवड्याच्या आत सभ्य उत्तर द्यायला, आणि हे सगळं नाव न छापता करायला मला पन्नास माणसं दाखवा. वाचनालयांच्या जुन्या कार्यकर्त्यांत अशी माणसं असतात. ज्यांनी ही व्याख्यानमाला चालवली आहे, खुर्च्या लावल्या आहेत, ध्वनिक्षेपक सांभाळला आहे, त्यांच्यातही आहेत. मी असतो तर दिवाळी अंकांच्या संपादकांकडे न जाता आधी यांच्याकडे गेलो असतो. आणि पहिल्या दिवसापासून एक कागद केला असता, की मी नसलो तर पासवर्ड कुणाकडे.

शेवटी एक ताजी गोष्ट. २०२५च्या वसंतात असं उघडकीला आलं की कुणीतरी एओथ्रीवरच्या सव्वा कोटीहून अधिक कथा यंत्राने उपसून, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी उपयोगी पडेल असा त्यांचा साठा करून दुसऱ्या एका स्थळावर टाकला आहे. संस्थेच्या कायदा समितीने हक्कभंगाची नोटीस दिली, साठा तिथून हटवला गेला. नोटीस देणारे वकीलही स्वयंसेवकच. पण उपसलेलं पाणी पुन्हा विहिरीत जात नाही. काही लेखिकांनी कथांना कुलूप लावलं, म्हणजे त्या फक्त खातेदारांना दिसतील. त्यामुळे यंत्राची वाट थोडी अडली आणि रात्री मोबाइलवर चोरून वाचणाऱ्या, खातं काढायची हिंमत नसलेल्या मुलीचीही अडली. दुसऱ्या काहींनी कुलूप लावायला नकार दिला, नेमका त्याच मुलीसाठी. दोन्ही बाजूंची भांडणं अजून चालू आहेत.

मला दिलेली वेळ संपली आहे. प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवला आहे असं कार्यवाहांनी सांगितलं होतं. ध्वनिक्षेपक मागच्या रांगेपासून फिरवावा, पुढच्या रांगेला दरवर्षी पहिली संधी मिळते.